सूट हवी असल्यास कारण लिहा

ज्युरीच्या ऑफिसात नोकरी केली की किस्से जमवावे लागत नाहीत. ते सोमवारी सकाळी साडेआठला स्वतःच्या पायांनी चालत येतात, गाडी कुठे लावायची विचारतात आणि वर आपल्यावरच चिडतात! घरी जाऊन नवऱ्याला, विल्सनला, सांगायचं म्हटलं तर तो हल्ली मी बूट काढायच्या आतच हात वर करतो. "फिलो, आज एकच." म्हणून बाकीचे तुम्हाला.

मी फिलोमिना. मूळची वसईची, मराठी शाळेत शिकलेली. मराठी मंडळाच्या कार्यक्रमात दर वर्षी कोणीतरी मला "अय्या, तुमचं मराठी किती छान आहे!" म्हणतं, आणि मी दर वर्षी "तुमचंही बरं आहे की" म्हणते. गेली बरीच वर्षं मी सिडनीच्या पश्चिमेकडच्या एका कोर्टात ज्युरीची क्लार्क आहे. कुठल्या कोर्टात ते विचारू नका, नोकरी अजून चालू आहे. काम असं: मतदारयादीतून चिठ्ठीने नावं निघतात, त्यांना समन्स जातं, ज्यांना यायचं नसतं ते फॉर्म भरून सूट मागतात आणि उरलेल्यांना मी एका हॉलमध्ये बसवते. त्यातले बारा जण खटल्यावर जातात. गुन्हा झाला की नाही, हे ते बारा ठरवतात. जज फक्त कायदा समजावतो आणि आरोपी दोषी ठरला तर शिक्षा देतो.

दर दोन-तीन वर्षांनी वरून सर्क्युलर येतं. 'ज्युरी पद्धतीत सुधारणा : कर्मचाऱ्यांनी सूचना दोन पानांत द्याव्यात.' बारा माणसं हवीतच का? सगळ्यांचं एकमत हवंच का? एकटा जज पुरणार नाही का? माझी बॉस केरी ते सर्क्युलर माझ्या टेबलावर ठेवते आणि म्हणते, "तू लिही, फिल. आपल्यात चिडकी तूच आहेस."

दोन पानांत! मला नुसत्या सूट मागणाऱ्यांवर दोन वह्या लिहिता येतील.

*

फॉर्मच्या शेवटी एक चौकट आहे. 'सूट हवी असल्यास कारण लिहा.' त्या चौकटीने माझे केस पिकवले.

एकाने लिहिलं, डाव्या कानाने ऐकू येत नाही. मी फोन केला. म्हटलं, "नो वरीज, साक्षीदार तुमच्या उजव्या बाजूला येईल अशा खुर्चीत बसवू."

त्याने घसा खाकरला. मग म्हणाला, "उजव्याचंही तसं खरं नाही. कधी येतं, कधी नाही."

"मग आत्ता फोन कुठल्या कानाला लावलाय?"

त्याने फोन ठेवून दिला!

एका बाईने लिहिलं, मी घरात नसले की माझ्या मांजरीला घाबरल्यासारखं होतं. सोबत जनावरांच्या डॉक्टरचं सर्टिफिकेट. त्याच आठवड्यात एका प्लॅस्टरवाल्याने लिहिलं होतं की पाठ धरली आहे, तासभरसुद्धा बसवत नाही. त्याच्याकडे सर्टिफिकेट नव्हतं. मांजरीला सूट मिळाली, पाठीला नाही. मी केरीशी भांडले, तर ती म्हणाली, "नियम आहे, फिल. कागद जोडलाय का, एवढंच आपण बघायचं."

आणि आपली माणसं? आपल्या माणसांना फॉर्म भरण्याआधी फोन करायची सवय.

"फिलोमिनाताई, मी केलीव्हिलहून बोलतोय. मंडळात भेटलो होतो बघा. तुम्ही कोर्टात आहात असं कळलं. ते समन्स आलंय हो. आतून काही होईल का?"

"आतून म्हणजे?"

"म्हणजे… ओळखीने."

मी म्हटलं, इथे ओळख दाखवली तर तुम्ही सुटणार नाही, मी मात्र सुटेन, नोकरीतून. गृहस्थ आयटीत मॅनेजर, हाताखाली तीस माणसं. त्यांनी फॉर्म पाठवला. कारण लिहिलं होतं : 'आमच्या धर्मात दुसऱ्या माणसाचा न्याय करायला मनाई आहे.'

हाच माणूस तीन आठवड्यांपूर्वी मंडळाच्या पाककला स्पर्धेत परीक्षक होता! माझ्या फुग्यांना त्याने तिसरा नंबर दिला होता. वसईची बाई, नाताळचे तळलेले फुगे, पहाटे उठून पीठ आंबवलेलं, आणि तिसरा! वर माइक हातात घेऊन दहा मिनिटं सांगितलं की तिसरा का. मी फॉर्मवर शेरा मारला, 'अर्जदारास न्यायदानाचा पूर्वानुभव आहे,' आणि केरीकडे पाठवून दिला. तिने सूट नाकारली. मंडळात ते अजून माझ्याकडे बघत नाहीत.

*

इथपर्यंत सगळं हसून सोडून देता येत होतं. मग ओंकारचा खटला आला.

स्टुडंट बूमची ती वर्षं. सकाळी पॅरामॅटाच्या ट्रेनमध्ये बघावं तिकडे पाठीवर बॅगा अडकवलेली आपली मुलं. दोन खोल्यांच्या युनिटमध्ये सात-सात जण राहायचे. टॅक्सीत बसलात तरी आपलं पोर, पेट्रोल पंपावर गेलात तरी आपलं पोर. ओंकार नाशिकचा. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करायचं म्हणून मास्टर्स करायला आला होता आणि शनिवार-रविवार एका कार वॉशमध्ये गाड्या धुवायचा. एका शनिवारी आर्वोला, म्हणजे दुपारी, एक गिऱ्हाईक ओरखडा पडला म्हणून भांडायला लागलं. त्याने ओंकारची कॉलर धरली, ओंकारने त्याचे हात झटकले, आणि तो माणूस साबणाच्या पाण्यावरून घसरून डोक्यावर पडला. कवटीला तडा गेला. सरकारचं म्हणणं, मुद्दाम जोरात ढकललं. ओंकारचं म्हणणं, फक्त सोडवून घेतलं.

दोषी ठरला असता तर तुरुंग, आणि तुरुंगानंतर थेट विमान. डिग्री तशीच अर्धवट. जामिनावर होता, पण पासपोर्ट कोर्टात जमा, आणि कॉलेजने खटला संपेपर्यंत थांबायला सांगितलेलं. बाहेरच्या बाकावर तो रोज एकटा बसायचा. पांढरा शर्ट एकच असावा, कारण कॉलरची शिवण एका बाजूला उसवली होती ती रोज तशीच असायची.

मला त्याच्याशी बोलायची मुभा नव्हती. ज्युरीच्या ऑफिसातल्या माणसाने आरोपीशी एक शब्द बोलायचा नाही, असा नियम. नियम योग्य आहे. मी नव्या माणसांना तोच शिकवते. पण दिवसातून चार वेळा त्याच्या गुडघ्यांसमोरून फायली घेऊन जायचं आणि "जेवलास का रे?" एवढंही म्हणायचं नाही, हे मला फार जड गेलं.

*

पहिला खटला व्यवस्थित चालला होता. चार दिवस झाले होते. आमच्याकडे ज्युररला नावाने हाक मारत नाहीत, नंबराने मारतात. यातला सात नंबर म्हणजे एक रिटायर्ड इंजिनियर. टापटीप माणूस, पेन्सिलला टोक काढून यायचा. ज्युरीला पहिल्याच दिवशी जज बजावतात : स्वतः चौकशी करायची नाही, घटनेच्या जागी जायचं नाही, जे कोर्टात ऐकाल तेवढ्यावरच ठरवायचं.

शनिवारी सात नंबर कार वॉशवर गेला! सोबत लेव्हल घेऊन. तीच ती, गवंडी वापरतात ती, मधे बुडबुडा असलेली. फरशीला उतार किती ते मोजलं, जोड्याची पकड तपासली, कोणाला संशय येऊ नये म्हणून गाडी आतून-बाहेरून धुऊन घेतली. सोमवारी ज्युरीच्या खोलीत त्याने टेबलावर नकाशा पसरला. रंगीत! उतार निळ्या बाणांनी दाखवलेला.

बाकी अकरांपैकी एकीला पहिल्या दिवशीची तंबी आठवली आणि तिने डेव्हला सांगितलं. डेव्ह म्हणजे आमचा शेरिफ ऑफिसर, ज्युरीला खोलीतून कोर्टात आणि कोर्टातून खोलीत नेणारा, साडेसहा फुटी आणि मऊ. डेव्हने जजना सांगितलं. जजनी सात नंबरला उभं केलं.

"मी तुम्हाला सांगितलं होतं ना, स्वतः तपास करू नका म्हणून?"

"मी तपास केला नाही, युअर ऑनर. माझी गाडी घाण झाली होती."

बाराही जणांना घरी पाठवलं. खटला रद्द, पुन्हा पहिल्यापासून. पुढची तारीख नऊ महिन्यांनी. आणि गंमत ऐका. गंमत कसली म्हणा! वकील नंतर सांगत होते की तो नकाशा ओंकारच्या बाजूचा होता. उतार खरंच होता.

ओंकार पिंजऱ्यात उभा राहून आळीपाळीने सगळ्यांच्या तोंडाकडे बघत होता. झालं ते चांगलं की वाईट, हे त्याला कोणी सांगतच नव्हतं.

*

त्या नऊ महिन्यांत एकदा तो वकिलाबरोबर तारखेला आला होता. मी फायली घेऊन निघाले होते आणि तो खिडकीशी फोनवर होता.

"नाही ग आई, पासपोर्ट कोर्टाकडे आहे. तारीख पुढे नको ढकलू, ताईच्या सासरचे काय म्हणतील? तू फक्त फोन चालू ठेव. मंगलाष्टकं ऐकू आली म्हणजे झालं."

मी जिना उतरून खाली गेले, फायली चुकीच्या कोर्टात दिल्या आणि केरीची बोलणी खाल्ली. संध्याकाळी विल्सनवर उगाच ओरडले. त्याने त्या दिवशी एकही किस्सा विचारला नाही.

*

याच सुमाराला सुधारणा आली. खरीखुरी! सर्क्युलरनंतर वरून एक कन्सल्टंट पाठवला. तरुण, टोकदार बूट, लॅपटॉपवर अठ्ठेचाळीस स्लाइड्स. विषय, 'ज्युररचा अनुभव'. दोन तास आम्ही बसलो. मी विचारलं, एक ज्युरर चुकला की बाराही घरी जातात आणि समोरचं माणूस आणखी वर्षभर लटकतं, त्याचं काय करणार?

"ग्रेट पॉइंट," तो म्हणाला आणि फळ्यावर लिहून ठेवला. जेवणाच्या सुट्टीत कोणीतरी फळा पुसला.

तीन महिन्यांनी सुधारणा अमलात आली. हॉलमधल्या राखाडी खुर्च्या जाऊन हिरव्या आल्या. हिरव्या रंगाने मन शांत होतं म्हणे. शिवाय एक कॉफी मशीन आलं. पहिल्याच सोमवारी शंभर माणसं त्याच्यासमोर रांगेत उभी राहिली, मशीन बंद पडलं आणि चाळीस जणांनी तक्रारपेटीत चिठ्ठ्या टाकल्या. केरीने त्या मोजल्या आणि वर कळवलं, 'ज्युररांचा सहभाग वाढला आहे.'

*

आता सुधाताई. हा किस्सा सांगताना मला अजून राग येतो, आणि कोणाचा ते धड ठरवता येत नाही.

सुधाताई डोंबिवलीच्या शाळेतून निवृत्त झालेल्या. मुलाकडे आल्या, नातवंडं वाढवली, रीतसर नागरिक झाल्या आणि चौसष्टाव्या वर्षी त्यांना समन्स आलं. सगळं केलीव्हिल सुटण्यासाठी धडपडत असताना या एकट्या बाईने मला मंडळात धरून विचारलं, "निवड व्हावी म्हणून काही तयारी करावी लागते का ग?" चौकटीत त्यांनी लिहिलं होतं, 'सूट नको.' दोनदा अधोरेखित!

त्यांची चिठ्ठी निघाली ओंकारच्या दुसऱ्या खटल्याला. मी तत्काळ केरीला सांगितलं की या बाईंना मी ओळखते. केरी म्हणाली, तू ओळखतेस, आरोपी नाही ना ओळखत? मग झालं. सुधाताई झाल्या नंबर चार.

पहिल्या दिवशी त्यांनी ज्युरीच्या खोलीत सगळ्यांना ओळीने बसवलं. दुसऱ्या दिवशी बारा जणांना पुरेल एवढा डबा आणला. तिसऱ्या दिवशी डेव्ह मला हळूच म्हणाला, "मेट, ते गोल, भोक पाडलेलं काय असतं? मधे लोणी टाकतात ते?" थालीपीठ! ज्युरीच्या दारावर पहारा देणारा माणूस थालीपीठ खाऊन आला होता.

त्याच दुपारी जेवणाच्या सुट्टीत सुधाताई पाय मोकळे करायला शेजारच्या बागेत गेल्या. बाकावर ओंकार. हातात पाण्याची बाटली, दुसरं काही नाही. सुधाताईंनी पर्स उघडली, टिश्यूत गुंडाळलेलं एक थालीपीठ काढलं, त्याच्या शेजारी बाकावर ठेवलं आणि निघून आल्या.

सरकारी वकिलाच्या असिस्टंटने ते पाहिलं.

जजनी सुधाताईंना उभं केलं. मी मागे उभी होते. "आरोपीशी तुम्ही काय बोललात?"

"काहीसुद्धा नाही, युअर ऑनर. तुम्ही सांगितलं होतं बोलायचं नाही. मी तोंड उघडलं नाही."

"पण तुम्ही त्याला खायला दिलं."

"तो तीन दिवस जेवत नाहीये. मी समोरच बसते, मला दिसतं. आरोप आहे त्याच्यावर, उपास नाही."

कोर्टात कोणी हसलं नाही. जजनी चष्मा काढला आणि जरा वेळ पुसत बसले. त्यांना वाटलं असावं, एकट्या चार नंबरला घरी पाठवून बाकी अकरांवर खटला चालवावा. कायद्याने तसं चालतं. पण त्यांनी विचारलं, "ही गोष्ट तुम्ही बाकीच्या ज्युररांना सांगितलीत का?"

"सांगितली ना!" सुधाताई म्हणाल्या. "दोघी रडल्या. अकरा नंबर म्हणाले, उद्या मी सँडविच आणतो."

संपलं. बाराही जण घरी. पुढची तारीख दहा महिन्यांनी.

पुढच्या रविवारी सुधाताई मला मंडळात भेटल्या. डोळे सुजलेले. "फिलोमिना, मी त्याचं वाईट केलं का ग?"

मी म्हटलं, "ताई, एक वेळचं खायला घातलंत आणि आणखी दहा महिने त्याला त्या बाकावर बसवलंत."

मी हे बोलायला नको होतं. दोन खटले मी त्या पोराच्या समोरून जात होते आणि नियम पाळत होते, आणि या बाईने तीन दिवसांत ते करून टाकलं. मला राग त्याचा होता, हे मला गाडीत बसल्यावर कळलं. परत जाऊन सांगायचा धीर झाला नाही.

*

तिसऱ्या वेळी ओंकारच्या वकिलाने शहाणपणाचा सल्ला दिला : ज्युरी नकोच. एकट्या जजसमोर खटला चालवायचा अर्ज करू. सरकारी पक्षाचीही हरकत नव्हती. जजनाही हायसं वाटलं असणार. सगळे सुधारणावाले जे मागत होते तेच की! ना लेव्हल, ना लोणी.

ओंकार नाही म्हणाला. "बाराच हवेत."

वकिलाने त्याला तीनदा समजावलं. मी दाराशी कागद घेऊन उभी होते, मला त्याला गदागदा हलवावंसं वाटलं. बारांनीच तुला दोनदा बुडवलं ना रे मूर्खा! पण बोलायचं नाही.

या वेळची ज्युरी मी डोळ्यांत तेल घालून सांभाळली. साक्षी झाल्या, भाषणं झाली, ज्युरी विचार करायला खोलीत गेली. दुसऱ्या दिवशी अकराला आतून दार वाजलं. डेव्ह बंद पाकीट घेऊन धावला. वकील कॉफी टाकून पळत आले, जजनी झगा चढवला, ओंकारला आणून उभं केलं. त्याचा चेहरा भिंतीसारखा पांढरा. जजनी पाकीट फोडलं आणि वाचलं.

'खोलीत फार गारठा आहे. एसी कमी करता येईल का?'

एसी कमी केला. दोन वाजता पुन्हा दार वाजलं. या वेळी कोणी पळालं नाही. एक वकील तर हातात अर्धं केळं घेऊनच आला. केरी म्हणाली, "आता उकडत असेल." ओंकार आला तोसुद्धा चालत, सावकाश.

ज्युरीची म्होरकी उभी राहिली. "नॉट गिल्टी."

जज म्हणाले, तुम्ही जाऊ शकता. ओंकार उभाच. डेव्हने जाऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "झालं, मेट. जा तू."

"कुठे?" ओंकारने विचारलं.

तो जिना उतरून गेला. तोपर्यंत त्याच्या ताईचं पोर रांगायला लागलं होतं, असं त्याच्या वकिलाकडून कळलं. मी त्या दिवशीही त्याच्याशी एक शब्द बोलले नाही. सवयच लागली होती.

*

पुढच्या सर्क्युलरला मी काही लिहिलं नाही. त्याच्या पुढच्यालाही नाही. खुर्च्या हिरव्याच्या निळ्या झाल्या.

मग कितीतरी वर्षांनी एक दिवस फॉर्मच्या गठ्ठ्यात ते नाव दिसलं. ओंकार. पत्ता वेस्टमीडचा, नोकरी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये. नागरिक झाला होता, मतदारयादीत आला होता आणि चिठ्ठीने बरोबर त्याला गाठलं होतं. मी शेवटची चौकट बघितली. हॉस्पिटलचं पत्र जोडलं असतं तर सूट हातात होती. झाल्या प्रकाराबद्दल दोन ओळी लिहिल्या असत्या तरी केरीने डोळे मिटून सही केली असती. चौकट रिकामी होती.

सोमवारी तो सव्वाआठलाच आला. इस्त्रीचा शर्ट, कानाजवळ दोन पांढरे केस, हातात मोठा स्टीलचा डबा. पहिल्या रांगेत बसला. आता तो आरोपी नव्हता, माझा ज्युरर होता. मी त्याच्यापुढे जाऊन उभी राहिले आणि इतक्या वर्षांत साठलेल्या सगळ्यातून माझ्या तोंडून निघालं काय, तर, "गाडी बरोबर लावलीस ना?"

तो हसला. "ट्रेनने आलो, मावशी."

"मी मराठी आहे हे तुला कसं…"

"पहिल्याच दिवशी कळलं होतं. तुम्ही फोनवर कोणा विल्सनला झापत होतात."

"मग बोलला का नाहीस कधी?"

"तुमची नोकरी गेली असती ना."

मला तिथे, शंभर माणसांपुढे, हुंदका आला. मी फाईल तोंडापुढे धरली. जरा वेळाने म्हटलं, "कारण लिहिलं असतंस तर सुटला असतास."

"माहितीये."

"आणि तेव्हा वकील एवढा सांगत होता, एकटा जज घे म्हणून. का नाही ऐकलंस?"

तो डब्याच्या कडीशी चाळा करत राहिला. "जज फार उंच बसतात, मावशी. कोण जेवलं नाही ते त्यांना तिथून दिसत नाही."

"सुधाताई भेटल्या का कधी तुला?"

"मंडळात भेटल्या. त्यांनी आधी मला वाढलं, मग कोण तू म्हणून विचारलं. ही भाजणी त्यांचीच आहे." त्याने डब्यावर हात ठेवला. "आज निवड झाली तर बारा जणांना लागतील म्हणून केली. आरोपीला द्यायचं नसतं, ते मला पाठ आहे."

साडेदहाला डेव्ह पॅनल, म्हणजे ज्यांच्यातून बारा निवडायचे ती माणसं, घेऊन वर गेला. डबा मी टेबलाखाली ठेवून घेतला आणि मागोमाग गेले. पेटीतून पाचवा नंबर ओंकारचाच निघाला. तो उठला आणि ज्युरीच्या बाकांकडे चालायला लागला. पिंजऱ्यासमोरून जाताना पावलं जराशी मंदावली. आमच्याकडे दोन्ही बाजूच्या वकिलांना तीन-तीन माणसं कारण न देता नाकारता येतात. तो बाकाच्या पायरीवर पाय ठेवतो न ठेवतो तोच एका वकिलाने कागदावरून मान वर केली.

"चॅलेंज."

बस्स. एक शब्द. तो आला तसा वळला. फॉर्मच्या त्या चौकटीसारखी चौकट वकिलांना नसते.

खाली येऊन त्याने समन्सवर माझा शिक्का घेतला.

"मावशी, परत केव्हा बोलवाल?"

"चिठ्ठीवर आहे रे. माझ्या हातात काही नाही."

"मग डबा तुम्ही ठेवा. ऑफिसात वाटा. मला दुपारच्या शिफ्टला जायचंय."

तो गेला. केरी आली, डेव्ह आला. डेव्हने वास घेतला आणि खुर्ची ओढली. मी डब्याचं झाकण काढलं, एकावर एक रचलेली थालीपीठं कागदाच्या ताटलीवर काढली आणि सवयीने मोजली, कारण या ऑफिसात आम्ही सगळंच बारापर्यंत मोजतो.

तेरा होती.